नळराज आला रे! सोसायटीच्या गच्चीवर सुपरहिरोचा स्वस्त सिनेमा कसा काढायचा

आमच्या सिनेमातल्या ज्या प्रसंगाला सगळ्यात जास्त हशा मिळाला तो असा. नळराज दोरी धरून इमारतीच्या भिंतीवरून चालत वर निघालाय. मध्येच एक खिडकी उघडते, सी विंगमधल्या काकू डोकं बाहेर काढतात आणि विचारतात, "अरे, आमच्याकडे पाणी कधी येणार?" नळराज म्हणतो, "काकू, टाकीकडेच निघालोय." काकू म्हणतात, "मग जाता जाता हा डबा चारशे दोनमध्ये दे." नळराज डबा घेतो आणि पुढे चालू लागतो.

या प्रसंगाला खर्च आला शून्य रुपये. तो कसा घेतला ते पुढे येईलच. आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला आहे. तीन विंग, एक गच्ची, एक पंप आणि पाण्यावरून होणारी रोजची भांडणं. यंदाच्या गणपतीत मुलांच्या नाचाऐवजी काहीतरी वेगळं करू या, असं मीटिंगमध्ये मी बोलून गेलो आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. मे महिन्यातले चार रविवार, एक मोबाईल, बावीस मिनिटांचा सिनेमा आणि सहा हजारांच्या आत खर्च, त्यातही सर्वात मोठा आकडा बिर्याणीचा. दुसऱ्या कुणाला असा उद्योग करायचा असेल, तर आम्ही कुठे कुठे ठेचकाळलो ते कळावं म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

१९८७ साली 'मिस्टर इंडिया' आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो हे पाहून आल्यावर आम्ही आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन कागद डोळ्यांना लावून चाळीचे जिने पालथे घातले होते. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. घरी कुणी विचारलं तर "धाकट्या भावासाठी लावलंय" असं सांगून बसायचो. ते गरगर फिरणं पाहिलं की भाऊ उठून गरगर फिरायचा आणि कपाटावर आदळायचा.

आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, दोरी आम्हाला तेव्हाही दिसत होती. मागचं आकाश चिकटवलेलं आहे हे दुसरीतल्या मुलालाही कळत होतं. तरी आम्ही हललो नाही, कारण पडद्यावरचा माणूस त्या दोरीला लटकून अगदी मनापासून जग वाचवत होता. तो एकदा जरी आमच्याकडे बघून डोळा मारता आणि "हे सगळं खोटंच आहे हं" असं सुचवता, तर आम्ही उठून क्रिकेट खेळायला गेलो असतो.

सगळी मेख इथे आहे. साधनं गरीब असली तरी चालतील, अभिनय गरीब नको. आमच्या टीमला मी एकच नियम घातला होता: सिनेमातल्या कोणत्याही पात्राने नळराजच्या कपड्यांना हसायचं नाही. वॉचमनपासून व्हिलनपर्यंत सगळ्यांनी त्याला डेप्युटी कलेक्टरसारखं वागवायचं. हसण्याचं काम प्रेक्षकांचं, ते त्यांच्यासाठी शिल्लक ठेवा.

हे ज्यांना उपजत कळलं ती माणसं आपल्याच राज्यात आहेत. मालेगावात शेख नासिर यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीकला सुपरमॅन केलं. त्या शूटिंगवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट काढला. ट्रॉलीच्या जागी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी, अशी त्या मंडळींची यंत्रसामग्री. सिनेमा करायला घेण्याआधी टीमला एकत्र बसवून हा माहितीपट दाखवा. तो पाहिला की "आपल्याकडे चांगला कॅमेरा नाही" हे रडगाणं कायमचं बंद होतं.

शक्ती लहान निवडा

पृथ्वी वाचवायला बजेट लागतं. टाकी वाचवायला लागत नाही. आमच्या नळराजची शक्ती एवढीच: कोरड्या नळापुढे हात उगारला की पाणी येतं. तेही सकाळी पावणेआठपर्यंतच, कारण त्यानंतर खालून पाणी जातं. एरवी तो म्हणजे दामोदर, सोसायटीचा झोपाळू पंपवाला. शत्रू टँकरासुर. दमयंती ही चौथ्या मजल्यावरची शिक्षिका, तिला दामोदरचा राग आणि नळराजवर जीव. नावातला श्लेष आजोबा मंडळींना पहिल्या मिनिटाला कळला, मुलांना शेवटपर्यंत कळला नाही, आणि काही बिघडलं नाही.

तुमच्या भागाचं दुखणं शोधा. नेरूळ-सानपाड्याकडे पार्किंगचा वीर होऊ शकेल. कळव्याच्या मंडळींसाठी मी एक कल्पना फुकट देतो: ज्याच्या नुसत्या नजरेने लोकलमधली माणसं सरकतात आणि चौथी सीट मिळते तो. वीराला एक दुबळेपणा द्या, तो शक्तीपेक्षा जास्त विनोद देतो. नाव आणि छातीवरचं चिन्ह मात्र स्वतःचं काढा. प्रसिद्ध हिरोचं चिन्ह वापरलं आणि नंतर यूट्यूबवर टाकलं, तर उगाच कटकट मागे लागते.

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशोब असतो. पहिल्यांदा करत असाल तर बारा-पंधरा पानांवर थांबा. आम्ही बावीस केली आणि त्यातली चार केवळ कमिटीच्या सदस्यांना एकेक वाक्य देण्यात गेली. ती कापता येत नाहीत.

कपडे

निळे थर्मल, त्यावर लाल बरमुडा, पायात गमबूट. पोट दिसतंय म्हणून नळराज लाजत होता. ते पोट लपवू नका, तीच तुमची खरी मालमत्ता आहे.

छातीवरचा नळ फोम शीटचा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी जाड फोम शीट कटरने कापायची, कटरचं पातं नवं हवं, नाहीतर कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. चिकटवायला पांढरा गोंद चालत नाही. रबराचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा मिनिटं हात न लावता सुकू द्यायचं आणि मग एकदाच दाबायचं. घाई केली की चिन्ह मारामारीत निखळतं. आमचं निखळलंच, आणि टँकरासुराने ते उचलून नम्रपणे परत दिलं. तो शॉट आम्ही ठेवला. टँकरासुराचं चिलखत पुठ्ठ्याचं आहे. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नका, राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तसंही तो रंग नीट धरत नाही.

केपसाठी जांभळी नाक्याच्या बाजारातून अडीच मीटर सॅटिनचं अस्तर आणलं. इथे जरा थांबून वाचा. लहानपणी आपण टॉवेल गळ्याला गाठ मारून बांधायचो, तसं अजिबात करू नका. केप लिफ्टच्या दारात अडकते, पंख्यात जाते, गडी खुर्चीवर बसला की मागचा माणूस तिच्यावर पाय देतो. दोन्ही खांद्यांवर वेल्क्रो शिवून घ्या, म्हणजे ओढ बसली की केप निघून येईल आणि मान शाबूत राहील. दोन केप शिवा: चालण्या-बोलण्याच्या प्रसंगासाठी एक, तिच्या खालच्या दुमडीत चार-पाच जुनी नाणी शिवली की ती ऐटीत पडते. दुसरी उडण्यासाठी, ती अगदी हलकी.

परवानग्या, थोडक्यात

कमिटीकडून लेखी घ्या. तोंडी 'हो' म्हणणारा माणूस शूटिंगच्या दिवशी गावाला गेलेला असतो. मुलं असतील तर आई-वडिलांचा होकार घ्या आणि त्यांना सेटवर बसवा, तेवढाच हातभार लागतो. सगळं सोसायटीच्या आवारातच उरका. तलावपाळीवर किंवा स्टेशनवर ट्रायपॉड उभा केलात की परवानगीचा प्रश्न येतो, रेल्वेच्या हद्दीत तर नक्कीच. येऊरच्या जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय जायचं नाही. आम्हाला डोंगर हवा होता, तो आम्ही गच्चीवरूनच घेतला. संध्याकाळी सूर्य येऊरमागे जातो तेव्हा त्या पार्श्वभूमीवर केप घातलेली काळी आकृती इतकी झकास दिसते की पोस्टर तिथेच झालं. मात्र डोंगर असल्यामुळे ऊन पंचांगातल्या वेळेआधीच जातं, हे धरून चाला. कठड्यावर कुणालाही चढू देऊ नका. कॅमेरा खाली, जमिनीलगत ठेवला की गच्चीच्या मध्यावर उभा असलेला माणूससुद्धा कड्यावर उभा आहे असं वाटतं.

आणि मे महिन्यातच शूटिंग संपवा. जून लागला की ठाण्यात गच्ची तुमची नसते.

मोबाईल आणि दिवे

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि स्वस्त एलईडी त्या तालावर लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. म्हणून मॅन्युअल सेटिंग देणारं कॅमेरा ॲप घ्या, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. मोबाईल ३० फ्रेमच देत असेल तर शटर १/१०० करा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर केप हलली की चित्र उजळतं-काळवंडतं.

दिव्यांसाठी दोन साधे एलईडी बल्ब, बटर पेपर आणि जिलेटिन. टँकरासुराच्या गुहेला, म्हणजे पंपरूमला, लाल जिलेटिन लावलं. शिवाय तिथले सगळे शॉट कॅमेरा तिरका धरून घेतले. ही १९६६ ते १९६८ या काळात अमेरिकेत चाललेल्या 'बॅटमॅन' मालिकेची युक्ती. दुष्टांच्या अड्ड्यावर गेलं की तिथे चित्रच तिरकं व्हायचं. माणूस वाकडा, घरही वाकडं. पैसे लागत नाहीत.

भिंतीवरून चालणं

हीही युक्ती त्याच 'बॅटमॅन' मालिकेतली. दोघे वीर दोरी धरून इमारत चढताहेत आणि खिडकीतून कुणीतरी ओळखीचा चेहरा डोकावतोय, असे प्रसंग त्यात असायचे. प्रत्यक्षात भिंत जमिनीवर आडवी असायची आणि कॅमेरा काटकोनात फिरवलेला.

आमच्याकडे भिंत कुठली? तर डेकोरेटरचं स्टेज. सोसायटीतल्या एका लग्नासाठी आवारात मांडव घातलेला होता आणि लग्नानंतर एक दिवस स्टेज तसंच राहणार होतं. बांबू-लोखंडाच्या सांगाड्यावर प्लायच्या फळ्या, उंची जेमतेम चार फूट. फळ्यांवर मातकट रंगाचे कागद चिकटवून भिंत केली. मधली एक फळी डेकोरेटरच्याच माणसाकडून काढून घेतली आणि त्या भोकाभोवती पुठ्ठ्याची चौकट, तिला दोन झडपा. काकू खाली स्टुलावर बसल्या. "ॲक्शन" म्हटलं की झडपा उघडायच्या आणि डोकं वर काढायचं.

मोबाईल स्टेजच्या कडेला, फळ्यांच्या पातळीत, काटकोनात फिरवून लावायचा. मग स्क्रीनवर स्टेजची जमीन उभी भिंत होते. नळराज दोरी धरून वाकून, मागे रेलत, एकेक पाऊल रोवत चालतो. दोरीचं दुसरं टोक चौकटीबाहेर दोघांनी ताणून धरायचं, ढिली पडली की खेळ खलास.

आता गोम अशी की गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने नसतं. स्क्रीनवर जी 'खाली' ही दिशा आहे, ती प्रत्यक्षात नळराजच्या पाठीमागची. म्हणजे केप मागे लटकायला हवी, पण ती बिचारी खऱ्या जमिनीकडे पडते. त्यासाठी केपच्या दोन टोकांना मासे पकडायचा तंगूस बांधला आणि एका मुलाला मागून, चौकटीबाहेरून, सतत ओढत ठेवायला सांगितलं. काकूंनी केसांचा घट्ट अंबाडा घातला, कानातले डूल काढले, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत टाकलं. डब्याची कडी चिकटपट्टीने पक्की केली. एवढं करूनही तिसऱ्या टेकला काकूंचा चष्मा आडवा घसरून कानावर आला, आणि पाहणाऱ्याला तो हवेत तरंगल्यासारखा दिसला. आम्ही घेतलेल्या नऊ टेकपैकी तोच सिनेमात आहे.

स्टेज तपासूनच वर चढा. फळी हलत असेल तर त्या दिवशी हा प्रसंग विसरा.

उडणं

दोन मार्ग. पहिला हिरव्या कापडाचा: एडिटिंगमध्ये हिरवा रंग काढून टाकायचा आणि तिथे दुसरं दृश्य बसवायचं. भक्कम बाकडं हिरव्या सुती कापडात गुंडाळायचं, खाली गाद्या, वीराने त्यावर पालथं पडून हात पुढे करायचे, समोरून टेबल फॅन. मागचा हिरवा पडदा त्याच्यापासून निदान सहा फूट लांब, नाहीतर हिरवी झाक अंगावर येते. कापडाला इस्त्री करा आणि चकाकणारं घेऊ नका. मागचं दृश्य फ्लायओव्हरवरून जाताना रिक्षातल्या मागच्या सीटवरून घेतलं. वीराचं तोंड उजवीकडे असेल तर मागची घरं डावीकडे पळायला हवीत. आमची एका शॉटमध्ये उलटी पळाली आणि नळराज रिव्हर्समध्ये उडाला.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. १९४८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटमालिकेत उडायची वेळ आली की खरा नट जायचा आणि त्याच्या जागी काढलेलं चित्र उडायचं. त्यावरून आम्ही नळराजचा वीतभर पुठ्ठ्याचा पुतळा केला, तंगूसात ओवला आणि ए विंगच्या जिन्यातून बी विंगच्या जिन्यापर्यंत सोडला. प्रेक्षकांनी पहिल्या प्रकाराला मान डोलावली, दुसऱ्याला टाळ्या वाजवल्या.

गायब होणं, दोघं होणं, पाणी येणं

गायब करायचं तर मोबाईल ट्रायपॉडवर, माणूस चौकटीत, रेकॉर्डिंग सुरू. "थांब" म्हटलं की सगळ्यांनी पुतळा व्हायचं, एकाने बाहेर निघून जायचं आणि बाकीच्यांनी पुढे चालू करायचं. मधला तुकडा एडिटिंगमध्ये कापला की झालं. कुणी शिंकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

दामोदर आणि नळराज एकाच चौकटीत दाखवायचे होते. ही विद्या तर आपल्या घरचीच. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये, १९१७ साली, अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांचीही कामं केली होती. मोबाईल हलवायचा नाही, आधी डावीकडे दामोदरचं काम घ्यायचं, कपडे बदलून उजवीकडे नळराजचं, आणि एडिटिंग ॲपमध्ये मधोमध मास्क लावून, म्हणजे प्रत्येक शॉटची नको ती अर्धी बाजू झाकून, जोडायचं. मधल्या रेषेवरून हातसुद्धा जाऊ द्यायचा नाही. दोन्ही भागांत अंतर कमी ठेवा. आमचा नट चहाला थांबला, तेवढ्यात ऊन सरकलं, आणि एकाच भिंतीवर दोन सावल्या दोन दिशांना पडल्या.

पाण्याचा प्रसंग मात्र नीट सांगायलाच हवा. गच्चीवरच्या नळासमोर नळराज हात उगारतो आणि पाणी येतं, एवढाच शॉट. व्हॉल्व्ह खालच्या मजल्यावर, तिथे आमचा वॉचमन मोबाईल कानाला लावून उभा. "तीन म्हटल्यावर सोड." एक, दोन, तीन. नळराजने हात उगारला, कपाळाला आठ्या घातल्या. काहीच नाही. त्याने हात आणखी ताणला. नळातून 'खर्र' आवाज आला. पुन्हा शांतता. त्याने हळूच बोटं हलवली, जणू पाण्याला वाट सांगतोय. एक थेंब. मग पाईपमधली सगळी हवा एकदम फुस्सकन बाहेर आली, त्याच्या तोंडावर गंजाचं पाणी उडालं, आणि मग धार लागली. हे सगळं व्हायला सात सेकंद लागली आणि त्या सात सेकंदांत तो गडी जागचा हलला नाही, हसला नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. एडिटिंग करणारा मुलगा म्हणाला, "काका, मधलं कापू का? बोअर होतंय." मी म्हटलं, एक फ्रेम जरी कापलीस तर तुझं नाव श्रेयनामावलीत पंपाच्या खाली जाईल. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं नळापुढे असंच उभं राहून वाट पाहिली आहे, ते त्या जागी खुर्चीवरून खाली यायचे बाकी होते.

टँकरासुर पाणी शोषून घेतो तो शॉट उलटा चालवलाय, बाकी काही नाही. नळाखाली बादली ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला, नाहीतर पाण्यावरच्या सिनेमात पाणी वाया घालवलं म्हणून कमिटी तुम्हाला फाडून खाईल.

मारामारी आणि मराठी

ठोसा नाकापासून निदान फूटभर लांबून जाऊ द्या. मारणारा पाठमोरा आणि खाणारा समोर असा कॅमेरा लावला की मधलं अंतर दिसत नाही. खाणाऱ्याने मान झटकण्याची वेळ साधली की काम होतं, म्हणून चांगला नट मार खायला घ्या.

ठोशागणिक पडद्यावर मोठ्ठ्या अक्षरांत शब्द येतो ती खोड तुम्ही पाहिली असेल. इंग्रजी शब्द टाकू नका, मराठीसारखी श्रीमंती त्या भाषेत नाही. आम्ही पांढऱ्या कार्डशीटवर पोस्टर कलरने शब्द रंगवले आणि एकेका कार्डाचा शॉट घेतला. गालावर बसली तर 'फाडकन', पाठीत 'धप्प', डोक्यात 'टाणकन', पुठ्ठ्याच्या चिलखतावर 'भद्द'. माणूस पळाला तर 'धूम', पळता पळता पडला तर 'धाडकन', आणि पडलेल्या जागेवरून उठता आलं नाही तर नुसतंच 'आई गं'. आजीने एक सुचवला: लाथ हुकून माणूस स्वतःच बसला की 'बदकन'. हा शब्द नातवंडांना माहीत नव्हता, आता जिन्यात रोज ऐकू येतो. एक कार्ड बारा-तेरा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर लोक वाचत बसतात.

आवाज स्वयंपाकघरातून घ्या. ओला टॉवेल ओट्यावर आपटला की उत्तम चपराक. हाड मोडायला शेवग्याची शेंग. चिलखताला रिकामा तेलाचा डबा. गमबुटांच्या चालण्याला आम्ही ओल्या फरशीवर चपला फटफटवल्या.

आवाज: इथे आमचं नाक कापलं गेलं

पहिल्या रविवारी आम्ही मोबाईलच्याच माईकवर सगळे संवाद घेतले. घरी जाऊन ऐकलं तर अर्ध्या वेळ पंप, अर्ध्या वेळ कबुतरं, आणि दमयंतीच्या प्रेमाच्या कबुलीवर भंगारवाल्याची हाळी. सगळा दिवस पाण्यात. पुन्हा शूट करायला वेळ नव्हता, म्हणून संवाद नंतर भरायचे ठरवलं.

डबिंग स्टुडिओ म्हणजे माझ्या बेडरूममधलं कपाट. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात डोकं घालून बोललं की घुमत नाही, कपडे आवाज पितात. बाथरूममध्ये चुकूनही करू नका. दुसऱ्या मोबाईलवर इअरफोनच्या माईकने, तोंडापासून वीतभर अंतरावर रेकॉर्ड केलं. ओठ आणि शब्द नीट जुळले नाहीत. आणि गंमत म्हणजे त्यामुळेच सिनेमाला तो जुन्या टीव्हीचा वास आला. टँकरासुराचा आवाज तर आम्ही मुद्दाम अर्धा सेकंद उशिरा ठेवला.

तुम्हाला जागेवरच आवाज हवा असेल तर दुसरा मोबाईल रेकॉर्डिंग लावून नटाच्या कपड्यात लपवा आणि प्रत्येक शॉटच्या आधी एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज बसतो. पंप बंद ठेवण्याची वेळ आधीच नोटीस बोर्डावर लावा.

पार्श्वसंगीताला सिनेमाची गाणी घेऊ नका, हक्कांचा प्रश्न येतो. आमच्याकडे एक हार्मोनियम, एक ताशा आणि 'ढॅण्टॅढॅण' असं तोंडाने छान करणारे जोशी आजोबा होते.

पडद्यावर

एडिटिंगचं फार सांगत नाही, फुकटातलं कोणतंही ॲप चालतं आणि ते घरातल्या सातवीतल्या मुलीला तुमच्यापेक्षा चांगलं येतं.

प्रोजेक्टर भाड्याने आणायच्या आधी मांडवात अंतर मोजा. साध्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या साधारण दीडपट लांबी लागते, म्हणजे दहा फुटी चित्राला पंधरा फूट. पडदा म्हणून चादर वापरणार असाल तर डबल घ्या आणि चारही बाजूंनी ताणून बांधा. गणपतीच्या दिवसांत सात वाजून गेल्याशिवाय अंधार नीट पडत नाही, आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. उशिरापर्यंत परवानगी मिळते त्या सवलतीच्या दिवसांवर भिस्त ठेवू नका. आरती, भाषणं आणि बक्षिसं यांतून जी फट उरते ती तुमची. आरती झाल्या झाल्या लगेच लावा, प्रसादाच्या आधी. प्रसाद वाटला की निम्मं पब्लिक पांगतं. पेन ड्राइव्ह दोन न्या आणि दुपारीच एकदा पूर्ण चालवून बघा. आमचा पहिला पेन ड्राइव्ह प्रोजेक्टरने ओळखलाच नाही.

चुकलेल्या टेकची चार मिनिटांची पट्टी शेवटी जोडा. नळराज घसरतोय, काकू स्टुलावरून "अरे लवकर करा, गॅसवर दूध आहे" म्हणून खालून ओरडताहेत, वॉचमन "सोडू का, सोडू का" विचारतोय. दोरी दाखवायची जागा ही, सिनेमा संपल्यावर.

मूळ सगळे शॉट दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक प्रत सेक्रेटरीकडे. केप हाताने धुवा, मशीनमध्ये टाकली तर सॅटिनला धागे सुटतात. आमची नाण्यांची केप सध्या चारशे दोनमध्ये आहे. डबा परत करायला गेलेला नळराज ती तिथेच विसरून आला, आणि त्यांनी ती वॉशिंग मशीनवर घातली आहे. पुढच्या मे महिन्यात मागून घेऊ.